पुण्याजवळचा आरसी कार ट्रॅक : शर्यतीची शिस्त चोख, प्रेक्षकांचे कुंपण अपुरे

रिमोटवर चालणारी गाडी म्हटले की खेळणेच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे या मातीच्या ट्रॅकवर पहिल्यांदा येणारे पालक अगदी कडेला निर्धास्त उभे असतात. येथे धावणाऱ्या १:८ मापाच्या (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश) बगी गाड्या साधारण साडेतीन किलोच्या असतात आणि सरळ पट्ट्यावर ताशी ६० किलोमीटरचा वेग सहज गाठतात. हिशेब मांडला तर त्यांचा आघात चौथ्या मजल्यावरून पडलेल्या विटेइतका भरतो. माझ्या बारा वर्षांच्या भाच्यासोबत येथे चार रविवार घालवल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

चालकांच्या बाबतीत आयोजक कमालीचे काटेकोर आहेत. गाडी ट्रॅकवर नेण्यापूर्वी ती स्टँडवर ठेवून, चाके फिरत असताना रिमोट बंद करून दाखवावा लागतो. फेलसेफमुळे, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटताच गाडी आपोआप थांबवणाऱ्या सोयीमुळे, चाके तिथल्या तिथे थांबली तरच प्रवेश मिळतो. सुरू करताना आधी रिमोट आणि मग गाडी, बंद करताना आधी गाडी आणि मग रिमोट, हा क्रम चुकवणाऱ्याला सर्वांदेखत टोकले जाते. ज्यांची हीट (शर्यतीची एक फेरी) संपली त्यांनीच पुढच्या हीटला मार्शल म्हणून, म्हणजे उलटलेल्या गाड्या सरळ करायला, उभे राहायचे असते. चप्पल घालून आलेल्या एका मुलाला त्यासाठी बूट उसने घ्यावे लागले, ते योग्यच झाले. येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही आणि उलटलेल्या गाडीची चाके फिरत असतील तोवर तिला हात लावायचा नाही, हे मार्शलना प्रत्येक वेळी नव्याने सांगितले जाते. टायरचे रबरी खिळे बोटाची साल काढतात, हे भाच्याने एकदा अनुभवले आहे.

चार्जिंगची जागा सिमेंटच्या ओट्यावर असून शेजारी वाळूची बादली ठेवलेली असते. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी अग्निरोधक पिशवीतच चार्ज करावी लागते, ५००० एमएएच (मिलीअँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला ५ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह देऊ दिला जात नाही आणि फुगलेली बॅटरी परत पाठवली जाते. मात्र दुपारी दोननंतर हाच ओटा थेट उन्हात येतो. नायट्रो (छोट्या इंजिनावर चालणाऱ्या) गाड्यांच्या इंधनातील मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, तरीही एकमेव अग्निशामक इंधन भरण्याच्या जागेपासून बराच दूर टांगलेला आहे.

खरी तक्रार प्रेक्षकांच्या जागेविषयी आहे. सरळ पट्ट्याच्या टोकाला, म्हणजे गाडी बाहेर फेकली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते नेमक्या तिथे, केवळ नायलॉनची दोरी बांधलेली आहे. तिसऱ्या रविवारी एका बगीचा ब्रेक उशिरा लागला, ती कडेच्या नालीदार पाइपवरून उसळली आणि दोरीखालून येऊन पाण्याच्या पिंपावर आदळली. पिंपाला उभी चीर गेली. दोन फुटांवर भाचा वडापाव खात उभा होता. आयोजकांनी दिलगिरी व्यक्त करून लगेच दहा फूट मागे फक्कीची रेघ मारली; पण फक्कीने गाडी अडत नाही.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी चालकांच्या मचाणामागे उभे राहावे. तिथून संपूर्ण ट्रॅक दिसतो. गाडी चालवायला जाणाऱ्यांसाठी माझ्याकडून साडेचार तारे, पाहायला जाणाऱ्यांसाठी अडीच. दिवाळीपूर्वी लोखंडी जाळी बसवण्याचे आयोजकांनी कबूल केले आहे. ती बसली की दुसरा आकडा बदलेन.