कोल्हापुरातली भरती कन्सल्टन्सी: फी नेहमीचीच, पण सोबतचं एक पान कामाचं

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत माझं मशीनशॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून देतो. नवं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आलं, सेकंड शिफ्ट सुरू करायची ठरली आणि माणसं कमी पडायला लागली. एरवी आमच्याकडे कामावरचाच कुणीतरी आपल्या गावचा पोरगा घेऊन येतो. तेवढ्यावर भागेना, म्हणून शहरातल्या एका कन्सल्टन्सीकडे गेले. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि कोल्हापूर लहान आहे.

फी म्हणजे माणूस रुजू झाला की त्याचा एक महिन्याचा पगार, वर १८ टक्के जीएसटी. २० हजारांच्या ऑपरेटरमागे २३,६०० रुपये. ९० दिवसांत तो सोडून गेला तर बदली माणूस फुकट.

बायोडेटासोबत मात्र एक हाताने लिहिलेलं पान येतं, आणि माझे पैसे त्या पानापायी वसूल झाले. तिथल्या एक बाई प्रत्येक उमेदवाराशी निवांत बोलतात. पगाराचं शेवटी. आधी घरी कोण कोण, जनावरं आहेत का, कामावर कसा जातोस, आणि आत्ताची नोकरी सोडायचं पहिल्यांदा डोक्यात कधी आलं. उत्तरं त्याच्याच बोलीत उतरवतात. ‘करिअरची उद्दिष्टे’ वगैरे छापील कचरा नाही.

एका सेटरला, म्हणजे मशीनवर जॉब आणि टूल लावून देणाऱ्याला, आम्ही २२ हजार देणार होतो. पानावर लिहिलेलं, ‘२१ च्या आत ठेवा म्हणतो.’ मला वाटलं, लिहिण्यात चूक झाली. फोन केला तर कळलं की त्याच्या आईचे उपचार ईएसआयवर, म्हणजे सरकारी कामगार विम्यावर, चालू आहेत. ईएसआयची पगाराची मर्यादा २१ हजार. त्यावर पगार घेऊन नव्याने नोकरीला लागला की तो त्यातून बाहेर, आणि आईही. वरच्या हजारात दवाखान्याचं एक बिल भागलं नसतं. आम्ही आकडा वाढवत बसलो असतो आणि तो नुसता ‘कळवतो मॅडम’ म्हणत राहिला असता. २०,८०० वर आला. गुणी पोरगा आहे.

सेकंड शिफ्टला, म्हणजे ३ ते ११ ला, कुणी टिकत नव्हतं. आमचे मॅनेजर म्हणायचे, भत्ता वाढवा. पानांवर पाहिलं तर करवीर-कागलकडच्या निम्म्या पोरांच्या घरी म्हशी आणि संध्याकाळची धार त्यांच्याकडे. सकाळची वडील काढतात. दूध वेळेत डेअरीवर गेलं पाहिजे, तिथे आमचा भत्ता काय करणार? त्यातलेच दोघं नाइटला आनंदाने तयार झाले. मग सेकंडला शहरात खोली करून राहणारी, गोठा नसलेली पोरं घेतली.

आणि एकाचं वाक्य माझ्या मॅनेजरांना अजून पटत नाही: ‘पगार हाय त्यो चालंल, पर लेटरवर ट्रेनी नगं, ऑपरेटर ल्ह्या. स्थळं बघाय लागल्यात.’ मला ते लगेच पटलं. मुलीकडचे आधी विचारतात, पर्मनंट आहे का, पीएफ कापतात का. काम येत असेल तर ‘ऑपरेटर’ लिहायला आमचं काय जातं? प्रोबेशनची अट लेटरमध्ये स्वतंत्र घातली की झालं.

पानावरून हात कळत नाही, हेही सांगते. व्हर्निअर, बोअर गेज ही मापं घ्यायची साधनं आणि एक ड्रॉइंग समोर ठेवून ट्रायल आम्ही घेतोच. गोष्ट चांगली सांगणारा एक जण टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) वाचतानाच अडकला, त्याला परत पाठवला.

आता तक्रारी. ऑफिसच्या जागांना ही पद्धत चालत नाही, किंवा ते चालवत नाहीत. अकाउंट्सला पाठवलेल्या सगळ्यांच्या पानावर तेच: ‘ग्रोथ पाहिजे, चांगलं वातावरण पाहिजे.’ आधीच्या ठिकाणी जीएसटी रिटर्नच्या तारखेला रात्री दहापर्यंत बसवायचे, की मालक चारचौघांत ओरडायचा, हे कुणी खोदून विचारलेलं दिसत नाही. शिकलेली माणसं ठरलेली उत्तरं देतात, तिथे तर जास्त खोदायला हवं.

दुसरी जास्त गंभीर. एका सुपरवायझरच्या हातात चाकणची ऑफर होती. कन्सल्टन्सीला ते माहीत होतं, आम्हाला सांगितलं नाही. आमचं लेटर नेऊन त्याने चाकणला आकडा वाढवून घेतला. फी लागली नाही, पण त्याच्या भरवशावर दुसऱ्याला नाही म्हटलं होतं. इतर ऑफर आहेत का, याचा रकाना त्या पानावर हवाच. मी सांगितलंय, अजून आलेला नाही.

शिवाय बिल ७ दिवसांत भरलं नाही तर बदली माणसाची हमी संपते. हे करारात मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे, सही करण्याआधी पाहून घ्या.

पाचपैकी साडेतीन. ऑपरेटर, सेटर, क्वालिटीची माणसं हवी असतील तर जा, आणि पान आलं नसेल तर बायोडेटा उघडण्याआधी ते मागून घ्या. अकाउंटंट मी ओळखीतून शोधतेय.