ब्लड गॅस: धमनीतून घ्यावा की शिरेतून?

इंदूरच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करणारे तरुण डॉक्टर आणि महूच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकून प्रॅक्टिसला बसलेली मुलं-मुली, दोघांचाही प्रश्न एकच असतो. ब्लड गॅससाठी, म्हणजे रक्तातला पीएच, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजायच्या तपासणीसाठी, धमनी टोचायची, की सलाइन लावताना शिरेतून घेतलेलं रक्त चालेल? माझं मत आधीच सांगतो. अ‍ॅसिड-बेस, म्हणजे रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल, बघायचा असेल तर शिरेपासून सुरुवात करा. ऑक्सिजनचा नेमका आकडा हवा असेल किंवा पेशंट शॉकमध्ये (अवयवांना रक्त पुरेनासं झालेला) असेल, तर धमनीला पर्याय नाही.

पीएच म्हणजे रक्त किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, त्याचं गणित सोपं आहे. शिरेतल्या रक्ताचा पीएच धमनीपेक्षा साधारण ०.०३ ते ०.०४ नं कमी येतो, बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा क्षार) एक-दोन मिलिमोलनं जास्त. साखर वाढून डीकेएमध्ये (मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्त आम्लधर्मी होणं) आलेल्या मुलाचा पीएच ७.१० असो वा ७.१३, इन्सुलिन आणि सलाइनचा निर्णय तोच राहतो. ब्रिटनमधल्या डीकेएच्या मार्गदर्शक सूचनांतही शिरेचाच नमुना सांगितला आहे. या पेशंटचं रक्त पुन्हा पुन्हा काढावं लागतं, आणि दर वेळी मनगटात सुई खुपसणं हा त्याच्यावर अन्याय आहे. धमनी टोचताना किती दुखतं, हे पेशंटच्या आवळलेल्या मुठीकडे पाहिलं की कळतं. सुई काढल्यावर पाच मिनिटं दाबून धरावं लागतं, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याहून जास्त.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत मात्र जपून. शिरेत तो सरासरी ४ ते ६ मिलिमीटरनं (पाऱ्याच्या दाबात) जास्त येतो, असं आपण पाठ केलेलं असतं. पण समोरच्या पेशंटमध्ये हा फरक १५-२० सुद्धा निघू शकतो. म्हणून सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) काकांचा शिरेतला आकडा ६२ आला, तर त्यातून ५ वजा करून धमनीतला आकडा ठरवू नका. हा नमुना चाळणीसारखा वापरा: ४५ किंवा त्याखाली आला तर कार्बन डायऑक्साइड साठलेला नाही असं बहुतेक वेळा धरता येतं. वर गेला की धमनी टोचा, बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन) लावण्याआधीच.

शॉकमध्ये दोन्ही नमुने एकमेकांपासून फार दूर जातात. १९८६ मध्ये वाइल या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) चालू असलेल्या पेशंटचं रक्त दोन्हीकडून तपासलं. धमनीत पीएच ७.४१, तर फुप्फुसाच्या धमनीतल्या मिश्र शिरारक्तात (या धमनीतून शरीरभरच्या शिरांचंच रक्त फुप्फुसाकडे जातं) ७.१५, कार्बन डायऑक्साइड ३२ आणि ७४. ऊतींमध्ये काय चाललंय ते शिरेचं रक्त सांगत होतं, फुप्फुसं काय करताहेत ते धमनीचं. अशा वेळी एकावर विसंबणं धोक्याचं, जमेल तर दोन्ही घ्या.

ऑक्सिजनसाठी शिरेचा उपयोग नाही, तिथे तो ४० च्या आसपासच असतो. बऱ्याचदा बोटावरचा ऑक्सिमीटर आणि शिरेचा गॅस एवढ्यावर काम भागतं. धमनीचा आकडा वाचताना हेही लक्षात ठेवा की इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे. इथे फुप्फुसापर्यंत पोचणारा ऑक्सिजन मुंबईपेक्षा साधारण दहा मिलिमीटरनं कमी पडतो, म्हणून धडधाकट माणसातही ८० च्या आसपासचा आकडा बघून घाबरू नये. आणि थंडीत गॅस गीझरच्या बंद बाथरूममध्ये कुणी बेशुद्ध सापडलं, तर ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडलाही ऑक्सिजन समजून ९८ दाखवेल, त्यावर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड मोजायला शिरेचं रक्त पुरतं, फक्त मशीनमध्ये को-ऑक्सिमेट्री (हा वायू वेगळा मोजायची सोय) हवी.

जनावरांत पारडं शिरेकडे आणखी झुकतं. जुलाबानं मलूल पडलेल्या वासराचं अ‍ॅसिडोसिस (रक्तातलं आम्ल वाढणं) मानेच्या शिरेतल्या रक्तावर नीट कळतं, आणि ड्रिपमध्ये बायकार्बोनेट किती घालायचं तेही ठरवता येतं. मांजराच्या मांडीची धमनी शोधत बसलात तर ते धडपडतं, धापा टाकतं आणि कार्बन डायऑक्साइड खोटाच खाली येतो. धाप लागलेल्या मांजराला त्या झटापटीत जिवाचा धोकाही असतो. धमनीचं खरं काम भूल दिल्यावर: कुत्र्याच्या मागच्या पंजावरची, घोड्याच्या चेहऱ्यावरची. घोडा पाठीवर निजवला की त्याचा ऑक्सिजन झपाट्यानं घसरतो, आणि तो शिरेतून कळत नाही. न्यूमोनियाच्या वासराला कानाची धमनी बरी.

नमुना कुठलाही असो, हवेचा बुडबुडा लगेच काढा आणि हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) सिरिंज ओली होण्यापुरतंच ठेवा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट उगाच कमी येतात. अर्ध्या तासाच्या आत मशीनला लावा. शिरेचा असेल तर टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) फार वेळ आवळून ठेवू नका, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) उगाच वाढू शकतं. आणि स्लिपवर मोठ्या अक्षरात ‘शिरेचा’ लिहा. नाहीतर सकाळच्या राउंडला कुणीतरी ३८ चा ऑक्सिजन वाचतं आणि बऱ्या होत असलेल्या पेशंटला व्हेंटिलेटरवर टाकायची तयारी सुरू होते.