पॅकियावचा सर्वात भारी विजय कोणता, डे ला होया की कोटो?

वजन वाढवून बॉक्सर मॅनी पॅकियावने मारलेली सगळ्यात मोठी बाजी कोणती म्हटलं की बहुतेक जण ऑस्कर डे ला होयाचं नाव घेतात, आणि धक्क्याच्या हिशोबाने ते बरोबरच आहे. जून 2008 मध्ये 135 पौंडांत खेळणारा माणूस डिसेंबरमध्ये थेट 147 ला, समोर उंच, लांब हातांचा, 160 पौंडांत पण चॅम्पियन झालेला ऑस्कर, लोकांना वाटलं हा मार खाणार, आणि झालं उलटंच, आठव्या राउंडनंतर ऑस्कर स्टूलवरून उठलाच नाही. पण ऑस्कर कितीतरी वर्षांनी 147 ला उतरला होता, वजन घटवून पार सुकलेला, त्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) सुटतच नव्हता यार.

कोटोचं तसं नाही. नोव्हेंबर 2009, कोटोचं वय 29, डब्ल्यूबीओ या बॉक्सिंग संघटनेचा वेल्टरवेट (147 पौंडांचा गट) बेल्ट त्याच्याकडे. हो, 145 चं कॅचवेट (दोघांनी आपसात ठरवलेली वजनमर्यादा) होतं आणि आधी मार्गारिटो नावाच्या बॉक्सरकडून तो हरलेला, हे मान्य, पण सुरुवातीचे राउंड बघा ना, कोटोचा जॅब नीट लागतोय, पॅकियाव दोरांना टेकून त्याचे खरे जड पंच खातोय आणि तरी पुढेच येतोय! तिसऱ्यात कोटोला एकदा पाडला, चौथ्यात डाव्या अपरकटने (खालून वर मारलेल्या पंचने) परत, मग कोटो मागे मागेच सरकत राहिला, शेवटी बाराव्यात रेफरीने फाइट थांबवली.

माझं मत ठाम कोटो. ऑस्करविरुद्ध पॅकियावचा वेग दिसला, पण मोठ्या वजनाचा मार तो झेलू शकतो का याचं उत्तर कोटोनेच काढून घेतलं.