शालेय मापन संच: दोन सत्रांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पुणे जिल्ह्यातील आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी गेल्या जूनमध्ये मी मापनाचा एक संच विकत घेतला. त्यात लाकडी मीटरपट्टी, व्हर्निअर कॅलिपर, १०० मिलिलिटरचे मोजपात्र, ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा), तापमापी, स्टॉपवॉच आणि मराठी माहितीपुस्तिका आहे. आठवी-नववीच्या मुलांनी दोन सत्रे तो मनसोक्त हाताळल्यावर माझे मत असे झाले आहे, की संच घेण्याजोगा आहे. मात्र त्यातील प्रत्येक साधन आधी मुलांकडून तपासून घ्यावे, कारण मापन शिकण्याचा निम्मा भाग त्या तपासणीतच आहे.

व्हर्निअरचेच पाहा. मुख्य पट्टीवरील ९ मिलिमीटर सरकपट्टीवर १० भागांत विभागलेले असल्याने त्याचे लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान अंतर, ०.१ मिलिमीटर येते. आमच्या कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटवले, तरी सरकपट्टीचा शून्य ०.२ मिलिमीटर पुढे राहतो. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास त्यामुळे २७.२ मिलिमीटर भरला आणि साधन बिघडलेले आहे, असे मुलांनी ठरवून टाकले. शून्याची ही चूक वजा केल्यावर नाण्याचा खरा व्यास, म्हणजे २७ मिलिमीटर मिळतो, हे समजल्यापासून जबडे मिटवून पाहिल्याशिवाय कोणीही कॅलिपर वापरत नाही. जुन्या तराजूचा पासंग पाहण्यासारखीच ही सवय आहे.

तापमापीच्या बाबतीत मात्र मीच घाईने निष्कर्ष काढला होता. वितळत्या बर्फात ती बरोबर शून्य दाखवत असे, पण उकळत्या पाण्यात ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास थांबत असे, म्हणून ती परत करण्याचे माझ्या मनात होते. आमचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळते. शंभर अंश हा आकडा मुलांना पाठ होता, तो समुद्रसपाटीवरील दाबासाठी आहे, हे त्या दिवशी सर्वांच्या कायमचे लक्षात राहिले.

मोजपात्राचे अंशांकन चांगले आहे. काठाशी पाणी किंचित वर चढते, म्हणून डोळा पातळीत आणून वक्राचा तळ वाचावा लागतो. तसे वाचून घेतलेल्या १०० मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान ३० अंशांना ९९.६ ग्रॅम यायला हवे, आणि आमच्या डिजिटल काट्यावर ते त्याच्या अगदी जवळ आले. स्टॉपवॉच साधे, पण भरवशाचे आहे.

संचात मोठी मोजफीत नाही, ही उणीव ग्रामीण शाळेला जाणवते. आमच्या मुलांच्या घरी जमीन गुंठ्यांत बोलली जाते, तर सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागेचा एक गुंठा सुमारे १०१.२ चौरस मीटर भरतो, म्हणजे एका आरपेक्षा (१०० चौरस मीटरपेक्षा) थोडा अधिक. हे मैदानावर चुना टाकून दाखवण्यासाठी मला फीत वेगळी आणावी लागली.

माहितीपुस्तिकेबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. किलोग्रॅमच्या चिन्हातील ‘के’ तिच्यात सर्वत्र मोठ्या लिपीत छापला आहे; मोठा ‘के’ हे केल्विनचे, म्हणजे तापमानाच्या एककाचे चिन्ह आहे. मापन शिकवणाऱ्या पुस्तिकेत ही चूक खपवून घेता येत नाही.

ताणकाट्याचा दोष त्याहून गंभीर आहे. त्यावर १ किलोग्रॅमच्या रेषेसमोर नेमकी १० न्यूटनची रेष आखलेली आहे, त्यामुळे वस्तुमान (वस्तूतील द्रव्य) आणि वजन (पृथ्वी तिला ज्या बलाने खेचते ते, न्यूटनमध्ये मोजलेले) यांतील जो फरक आम्ही कष्टाने समजावतो, तो साधनच पुसून टाकते. पृथ्वीवर १ किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन सुमारे ९.८ न्यूटन असते. विक्रेत्याने काटा बदलून दिला, पण दुसऱ्यावरही तीच आखणी निघाली. शेवटी न्यूटनच्या बाजूवर पांढरा कागद चिकटवला, १०० ग्रॅमची वजने एकेक करून टांगली आणि प्रत्येक वेळी ०.९८ न्यूटनची नवी रेष नववीच्या मुलींनी पेन्सिलीने आखली. आता आम्ही तोच काटा वापरतो.