पडलेली स्क्रिप्ट उठवायची कुणी? लूप, क्रॉन, सुपरवायझर की सिस्टीमडी

देवगडात आमच्या आंब्याच्या ऑर्डरी एक छोटी पायथन स्क्रिप्ट सांभाळते: गिऱ्हाइकाला मेसेज, पॅकिंगवाल्याला यादी. सर्व्हर म्हणजे माडीवरचा जुना लॅपटॉप, लिनक्स टाकलेला. नेट गेलं की स्क्रिप्ट आपटते, आणि नेट जायला आमच्याकडे वळवाची एक सर पुरते. शेजारच्या होमस्टेवाल्यालाही आता बुकिंगसाठी असंच काहीतरी हवंय. त्याला जे सांगितलं तेच इथे.

शेलमधला व्हाइल लूप सगळ्यात सोपा. स्क्रिप्ट मेली की पाच सेकंद थांबून पुन्हा चालू. पण लाइट गेली आणि मशीन बंद पडलं की लूपही गेला. घरी बसून चाचणीपुरता ठीक.

क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणारा लिनक्समधला प्रोग्राम. मशीन सुरू झालं की तो आपोआप जागा होतो, म्हणून मी दर मिनिटाला स्क्रिप्ट चालू करायची ओळ त्यात टाकली. आधीची प्रत जिवंत आहे का, हे क्रॉन बघत नाही. पंधरा मिनिटांत पंधरा प्रती! एका गिऱ्हाइकाचा फोन: "भाऊ, पेटी एकच मागितली, मेसेज पंधरा कशाला?" फ्लॉकने, म्हणजे एका वेळी एकच प्रत चालू देणाऱ्या कमांडने, कुलूप लावलं की हे थांबतं. तरी मिनिटभराची खोटी राहतेच. काम उरकून स्वतःच बंद होणाऱ्या स्क्रिप्टला मात्र क्रॉनच बरा.

सुपरवायझर म्हणजे स्क्रिप्टांवर नजर ठेवून पडलेली उठवणारा प्रोग्राम. नीटनेटका आहे, तीन-चार स्क्रिप्टा एका जागी दिसतात. गोम वेगळी आहे. सुरू होऊन एका सेकंदाच्या आत स्क्रिप्ट मेली, तर तो ती सुरूच झाली नाही असं धरतो. आणखी 3 प्रयत्न करतो आणि 'फेटल' लिहून हात झटकतो. हे त्याचं मूळ सेटिंग. नेट रात्री दोनला गेलं आणि चारला आलं, तरी सकाळी तुम्हीच उठवायचं. आकडा वाढवता येतो, पण ते आधी माहीत हवं.

सिस्टीमडी म्हणजे लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा, आणि सांगितलं तर पडलेल्या पुन्हा उठवणारा प्रोग्राम. त्याचीही तीच खोड: 10 सेकंदांत 5 वेळा सुरू करून झालं की तो थांबतो, आणि दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर फक्त 100 मिलिसेकंद, म्हणजे पाच प्रयत्न डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात संपू शकतात. उपाय एका ओळीचा: 'रीस्टार्टसेक', म्हणजे हेच अंतर, 30 सेकंद करा. मग दहा सेकंदांत पाच वेळा होणं शक्यच नाही आणि तो रात्रभर प्रयत्न करत राहतो. वर 'इनेबल' केलं की लाइट आल्यावर, मशीन उठताना स्क्रिप्टही उठते. उबुंटू-डेबियनमध्ये तो आधीपासूनच असतो, लॉग जर्नलमध्ये सापडतो. माझं मत यालाच. स्क्रिप्ट नोडमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) लिहिली असेल तर पीएमटू हा नोडवाल्यांचा राखणदार चालेल, पण 'सेव्ह' आणि 'स्टार्टअप' दोन्ही केल्याशिवाय रीबूटनंतर पाटी कोरी. स्क्रिप्ट मरत नाही, नुसती अडकून बसते, अशी तक्रार असेल तर यातलं काहीच आपोआप कामी येत नाही. सिस्टीमडीत वॉचडॉग आहे, पण स्क्रिप्टने ठरावीक वेळाने त्याला 'मी आहे' असं कळवावं लागतं.

होमस्टेवाल्याने सेटिंग केलं, चाचणीला साधा 'किल' (स्क्रिप्ट बंद करायची कमांड) मारला आणि बोंब मारली, "उठत नाय रे!" 'रीस्टार्ट'ला 'ऑन-फेल्युअर', म्हणजे बिघडून पडली तरच उठव, असं ठेवलं होतं, आणि साधा किल सिस्टीमडीच्या हिशेबी राजीखुशीने बंद होणं. 'किल -9', म्हणजे जबरदस्तीने बंद करणारा किल, मारायला सांगितलं. तीस सेकंद आम्ही दोघे स्क्रीनकडे बघत बसलो, मग उठली.