टोपोव्ह्यूवरचे होम्स काउंटीचे नकाशे: सेवा उत्तम, छपाईत सांभाळा

कोलंबसला किंवा क्लीव्हलंडला मुलांकडे जाताय आणि तिथून ओहायोतल्या होम्स काउंटीत आमिश (घोडागाडी वापरणारा, साधं राहणारा ख्रिस्ती पंथ) वस्ती बघायला जायचा बेत आहे? मग बडोद्यातून निघण्याआधीच यूएसजीएस या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या टोपोव्ह्यू संकेतस्थळावरून तिथले नकाशे उतरवून घ्या. पैसे लागत नाहीत. मोबाइल रस्ता सांगतो, पण टेकडी, ओढा आणि घर यांचा मेळ कळतो तो या नकाशांच्या शीटवर.

प्रमाण १:२४,०००, म्हणजे एका सेंटिमीटरला २४० मीटर. काउंटीचं मुख्य गाव मिलर्सबर्ग; त्याच्या शीटवर बर्लिन गाव येत नाही, ते पूर्वेच्या शीटवर. किलबक गाव दक्षिणेला जेमतेम बाहेर पडतं. त्यामुळे शेजारच्या शीटही घ्याव्यात.

२००९ नंतरच्या ‘यूएस टोपो’ या नव्या मालिकेतली शीट घ्यावी की जुनी? दोन्ही घ्या, पण वस्ती समजायला जुनीच सरस. तिच्यावर गावाबाहेरचं एकेक घर काळ्या चौकोनाने दाखवलेलं असतं, शाळेवर निशाण असतं, नंतरची भर जांभळ्या रंगात असते. नव्या शीटवर सुटी घरं जवळजवळ नाहीतच. मात्र चर्चच्या खुणेचे क्रूस मोजून आमिश वस्तीचा अंदाज बांधू नका. जुन्या वळणाचे आमिश आळीपाळीने एकमेकांच्या घरी प्रार्थनेला जमतात, त्यामुळे त्यांचं चर्च नकाशावर सापडणारच नाही. त्यापेक्षा पूर्वेकडच्या टेकड्यांत विखुरलेली शेतघरं बघा. किलबकचं खोरं याउलट रुंद, सपाट आणि पाणथळ. हिमयुगातल्या गाळाने भरलेलं. तिथून जाणारी रेल्वेलाइन जुन्या शीटवर आहे. आता त्याच वाटेवर होम्स काउंटी ट्रेल आहे: एक पट्टा सायकलींना, दुसरा आमिशांच्या घोडागाड्यांना.

खरी गफलत छपाईत होते. यूएस टोपोचं पान सुमारे २४ इंच रुंद, आपला ए१ कागद २३.४ इंच. प्लॉटरवर (मोठे नकाशे छापायचं यंत्र) ‘फिट टू पेज’ राहिलं की प्रमाण १:२४,६०० च्या आसपास जातं. बडोद्यात फतेहगंजात छापायला द्याल तेव्हा ३६ इंची रोल आणि ‘ॲक्चुअल साइज’ असं स्पष्ट सांगा. पैसे देण्याआधी स्केलपट्टी मोजा: एक किलोमीटर ४.१७ सेंटिमीटर भरला पाहिजे. फाइल ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून हवाई छायाचित्राचा लेअर बंद करा, नाहीतर शाई भरमसाट जाते आणि कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) त्यात बुडतात. कंटूरचे आकडे फुटांत आहेत; मीटर समजून वाचलेत तर टेकडी तिपटीहून उंच वाटेल.