ठुशी चोकर घेताय? पुढचे मणी नंतर बघा, आधी मागची दोरी बघा

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच. गोव्यात म्हापशाच्या मार्केटाजवळ एका जुन्या सोनाराकडून चांदीची, वरून सोन्याचं पाणी दिलेली ठुशी घेतली, अगदी गळ्याला लागून बसणारी, म्हणजे हल्ली ज्याला सगळ्या मुली चोकर म्हणतात तशीच. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घेतली, चवथीला घातली, मग नणंदेच्या लग्नात फोंड्याला, मग म्हार्दोळच्या जत्रेला, मध्ये ऑफिसच्या दिवाळी कार्यक्रमात पण मिरवून आले, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही. बिल सहा हजारांच्या आसपास झालं, पण चांदीचा भाव एवढा वरखाली होतो की तुम्ही जाल तेव्हा हा आकडा धरून बसू नका.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे शेटनी आल्या आल्या बजेट विचारलं नाही. "बाय, पयलीं गळो मेजूंया" (आधी गळा मोजूया) म्हणत ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली आणि माझ्याच हातात दिली. माझा गळा तेरा इंच निघाला. मग ते म्हणाले चौदाच्या खाली काही बघूच नका, आणि सोळाच्या वर गेलात तर तो चोकर राहत नाही, अठरा इंचाचा तर हाडावर येऊन लोळतो. हे गणित कुठेही लागू आहे, गळ्याच्या मापात एक ते दोन इंच मिळवायचे आणि त्यात बसणारा पीस बघायचा. टेप मिळाली नाही तर साधा दोरा गुंडाळून मोजा आणि तो पट्टीवर धरा, पण माप घेताना हनुवटी वर करून फोटोला उभं राहिल्यासारखं उभं राहू नका, नेहमी बसता तसं बसून माप घ्या, कारण लग्नात आपण तास तास बसलेलोच असतो.

ट्रायल कशी घ्यायची हे पण सांगते, आरशात बघून "वा छान" म्हणणं ही ट्रायल नव्हे. घालून एक घोट पाणी प्या, मान खाली घालून फोन बघा, मग जरा मोठ्याने हसा. गिळताना टोचलं, मान वाकवल्यावर हनुवटीखाली रुतलं किंवा हसताना वर सरकून परत खाली आलंच नाही तर तो पीस ठेवा बाजूला, कितीही सुंदर असू दे. ऑनलाइन घेताना हीच अडचण होते, सगळीकडे "फ्री साइज" लिहिलेलं असतं. मी एका साइटवरून कडक पट्टीचा चोकर मागवला होता, मॉडेलच्या गळ्यात काय दिसत होता, माझ्या गळ्यात मात्र प्लास्टर घातल्यासारखा, मान वळवायची तर अख्खं अंग वळवायचं, आणि मागचा हुक दुसऱ्याच वेळी उघडा पडला. रिटर्नची मुदत तेव्हा संपलेली. कडक पट्टीचं काही घ्यायचं असेल तर घालून बघितल्याशिवाय घेऊच नये असं माझं ठाम मत आहे, ठुशीसारखं लवचिक असेल तर एकवेळ चालतं.

आता मुद्दा दोरीचा. ठुशी घेताना सगळ्या जणी मण्यांवरच नजर लावून बसतात, मणी बारीक आहेत का, मधला खडा लाल की हिरवा, खाली पेंडंट आहे का. ते बघाच, माझ्या ठुशीचे मणी मोहरीपेक्षा जरासे मोठे, घट्ट बसवलेले, मध्ये लाल खडा, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली, काम सुबक आहे, कुठे मणी मागेपुढे नाही. पण हा दागिना गळ्यावर कुठे बसणार हे मागची दोरी ठरवते. दोन्ही टोकांतून दोरी निघते, ती एका सरकत्या मण्यातून जाते आणि शेवटी गोंडा. तो मणी जोर लावल्यावरच सरकला पाहिजे, आपोआप सरकता कामा नये. दुकानात दोन-चार वेळा वरखाली करून बघा. सैल असेल तर आपल्या हवेत घाम आला की अर्ध्या तासात ठुशी घसरून छातीवर येते आणि मग फोटोत प्रत्येक वेळी वेगळ्याच ठिकाणी दिसते. नणंदेच्या लग्नात एका काकूंचं हेच चाललेलं, एक हात गळ्याकडे आणि एक हात ताटाकडे.

आणि इथेच माझा एक स्टार गेला. माझ्या ठुशीला आलेली दोरी जरीची होती, दिसायला देखणी, पण मानेवर जिथे केस सुरू होतात तिथे ते जरीचे धागे असे काही टोचतात की चवथीच्या दिवशी आरती संपेपर्यंत मागे लाल चट्टे. घाम लागला की आणखी चुणचुणतं. परत घेऊन गेले तर शेट म्हणाले बदलून देतो, त्यांच्या ओळखीचा एक माणूस दागिने गाठवून देतो, त्याच्याकडून साधी रेशमी दोरी लावून घेतली, चार दिवस लागले आणि पैसे वेगळे घेतले. फार नव्हते, पण माझं म्हणणं असं की शेटनी घेतानाच विचारावं ना, "बाय, दोरी जरीची हवी की रेशमाची?" लग्नाचे हॉल काय सगळे एसी असतात का इथे. आता रेशमी दोरीवर एकदम मस्त, घातलंय हे विसरायला होतं. दोरी मळते, ती दर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचीच, त्यात कंजूषी करू नका.

त्याच दुकानात चिंचपेटी पण बघितली, मोत्यांची, चौकटी चौकटी जोडलेली, नऊवारीवर आणि कानात मोत्याच्या कुड्या असतील तर तिला तोड नाही. पण ती जरा उंच पट्टी आहे, मान आखूड असेल तर हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये नुसती चिंचपेटीच दिसते. माझी मान काही हंसाची नाही, त्यामुळे मी अरुंद पट्टीची ठुशीच घेतली आणि मध्ये छोटंसं लटकन, त्याने नजर खाली जाते. वज्रटीक दाखवली तिला मागे मखमलीचं कापड होतं. दिसायला राजेशाही, पण जुलैमध्ये ज्या घरात चपलांना बुरशी येते तिथे घामाने भिजलेली मखमल वाळणार कधी? बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून वर्षातून एकदा घालणार असाल तर घ्या.

चोकरवर ब्लाऊजचा गळा कुठला हा प्रश्न मला मैत्रिणी फार विचारतात. बोटनेक नको, बंद गळा तर नकोच, दागिना आणि कापड यांच्यात चार बोटं तरी मोकळी कातडी दिसायला हवी, खोल गोल किंवा चौकोनी गळा बेस्ट. लांब मंगळसूत्र असेल तर वर ठुशी, खाली मंगळसूत्र, दोन्ही सुटे सुटे दिसतात. पण हल्लीचं ते छोटं मंगळसूत्र आणि चोकर एकाच उंचीवर येतात आणि गुंता होतो, अक्षरशः गुंता, काळे मणी ठुशीत अडकतात. मोठे झुमके घालायचे असतील तर मग गळ्यात लांब काहीतरी घाला, चोकर आणि मोठे झुमके एकाच वेळी घातले की चेहऱ्याला श्वास घ्यायला जागा राहत नाही. जत्रेला मी ठुशी, छोट्या कुड्या आणि केसात म्हार्दोळच्याच जाईचा गजरा एवढंच केलेलं आणि सासूबाई स्वतःहून म्हणाल्या बरं दिसतंय. आमच्या सासूबाई असं सहसा म्हणत नाहीत. लाल चौकडीच्या कुणबी साडीवर पण ठुशी झकास जाते, ती साडी गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी परत चर्चेत आणल्यापासून ऑफिसातल्या पोरीही नेसायला लागल्यात, त्यांच्यासाठी ही टीप.

स्वस्तातलं हवं असेल तर हणजुण्याचा (अंजुनाचा) बुधवारचा बाजार आहेच. शिंपल्यांचे, काळ्या मखमली रिबिनीचे, ते नव्वदच्या दशकातले ताणले जाणारे प्लास्टिकचे जाळीदार पण अजून मिळतात. घासाघीस करा, पहिला भाव तुमचा चेहरा बघून सांगतात, त्यामुळे कोंकणीतच सुरुवात करा. जीन्सवर, कॉलेजला ठीक. धातूचं मात्र तिथून घेताना जपून. वन ग्रॅम आणि इमिटेशनमध्ये खाली तांबं-पितळ असतं, घामाने तांब्याची प्रक्रिया होऊन गळ्यावर हिरवट पट्टा उमटतो, तो धुतला की जातो, पण निकेलची ॲलर्जी असेल तर खाज आणि पुरळ येतं आणि ते असं पटकन जात नाही. बांगडी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने ज्यांना खाज येते त्यांनी चोकर तर अजिबात इमिटेशनचा घेऊ नये, तो दिवसभर कातडीला चिकटूनच असतो. म्हणून मी चांदीवर पैसे घातले.

माझी धाकटी बहीण इतिहासवाली आहे, तिचं म्हणणं युरोपात हे फॅड इंग्लंडच्या अलेक्झांड्रा राणीमुळे चढलं, गळ्यावरचा व्रण झाकायला ती मोत्यांचे सर वर सर घालायची म्हणतात. आणि डायनाने तर १९८५ साली ऑस्ट्रेलियात पाचूंचा चोकर सरळ कपाळाला बांधला होता. ज्यांना गळ्यात होत नाही त्यांना हाही मार्ग मोकळा आहे.

बिलाचं सांगायचं राहिलं. माझ्या बिलावर चांदीचं वजन, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळं लिहिलंय, मागच्या बाजूला छोट्या पट्टीवर ९२५ चा (म्हणजे ९२.५ टक्के चांदीचा) शिक्का आहे. तो नसेल तर घेऊ नका. खऱ्या सोन्याची ठुशी घेणार असाल तर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) असल्याशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही, तो नंबर सरकारी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिना काय, किती शुद्धतेचा ते तिथल्या तिथे दिसतं, दुकानदारासमोरच टाका, चांगला दुकानदार रागवत नाही. आणि दोरी, खडे, मणी यांचं वजन सोन्याच्या वजनात धरलंय का हे ठुशीत नक्की विचारा. माझ्या ठुशीचं वजन त्यांनी दोरी ओवायच्या आधीच करून ठेवलेलं, चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, ते मला फार बरं वाटलं.

पॉलिश अजून तसंच आहे, फक्त मागच्या टोकाला जिथे मान घासते तिथे किंचित पांढरं दिसायला लागलंय. परत पाणी देऊन मिळेल म्हणाले, चार्ज वेगळा, लेखी गॅरंटी काही दिली नाही. मी सेंट, पावडर सगळं आधी आटपते आणि ठुशी शेवटी, काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसून पंख्याखाली थोडा वेळ ठेवते, मग झिपच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात येते ती ओलावा शोषणारी छोटी पुडी. टूथपेस्ट लावून घासू नका प्लीज, साध्या चांदीला लोक करतात, पण इथे वरचं सोनंच निघून जाईल.

जाणार असाल तर शुक्रवार सोडून जा, बाजाराच्या दिवशी पार्किंग मिळत नाही आणि शेटना तुमचा गळा मोजायला वेळ नसतो. दुपारी एक ते साडेतीन शटर खाली, त्यात बदल नाही. आणि दोरी रेशमाची मागा, पहिल्याच भेटीत.